पाकिटातला खर्च

1995 च्या विधानसभा निवडणुकीत आमच्या मोहल्ल्यातल्या एका उमेदवारासाठी मी चार-सहा घोषणा जुळवून दिल्या. नुकता बी.ए. झालेलो, रिक्षाच्या भोंग्यातून आपले शब्द गल्लीत फिरताहेत याचंच अप्रूप. पाकिटातून पाचशेची नोट मिळाली. दिली ती उमेदवारानं नव्हे, त्याच्या दोस्तीतल्या एका व्यापाऱ्यानं. पावती नाही, सही नाही. तो शेषन यांचा जमाना. झेंडे, गाड्या सगळं मोजलं जाई. ते पाचशे कुणाच्या हिशेबात गेले, हे विचारायचं मला सुचलं नाही.

पैसा कुणाचा आणि हिशेब कुणाचा, हा प्रश्न माझ्या पाकिटाहून जुना आहे. टाटांच्या पोलाद कंपनीला राजकीय पक्षांना देणग्या देण्यासाठी आपल्या घटनापत्रकात बदल हवा होता. एक भागधारक आडवा आला. 1957 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी कायद्यात मनाई नाही म्हणून परवानगी दिली. पण यात लोकशाहीला मोठा धोका आहे, संसदेनं लक्ष घालावं, असं निकालातच बजावलं. हात बांधलेल्या न्यायाधीशाची कळकळ त्यात दिसते.

1960 मध्ये अशा देणग्यांना मर्यादा आली, 1969 मध्ये बंदी. 1985 मध्ये ती उठली. मधल्या काळात पैसा आटला असं कुणी म्हणणार नाही. त्यानं फक्त चेकची वाट सोडली.

खर्चाचं तर आणखी नवल. उमेदवारानं निकालानंतर 30 दिवसांत हिशेब द्यायचा असतो. 1974 मध्ये दिल्लीतल्या एका लोकसभा जागेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पक्षानं उमेदवारासाठी केलेला खर्चही त्याच्याच खात्यात धरला. काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि पक्षाचा, दोस्तांचा खर्च वेगळा झाला. म्हणजे माझी नोट हिशेबाबाहेर ठेवायला कायद्यानंच जागा करून दिली होती! दोस्तांची ही सवलत 2003 मध्ये गेली. पक्षाच्या खर्चाला मात्र आजही मर्यादा नाही.

देणाऱ्याचं नाव झाकणारे निवडणूक रोखे फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रद्द केले. त्याच नोव्हेंबरात आपल्याकडे विधानसभा झाली, उमेदवाराला मर्यादा 40 लाखांची. एक कार्यकर्ता पोरगा घोषणा मागायला घरी आला. मी विचारलं, “हिशेबात लिहिणार ना?”

“चाचा,” तो हसला, “दोन ओळींचा कसला हिशेब?”

चहा पिऊन गेला. ओळी मी दिल्या नाहीत.