पेटीचा एकलवादक

आमच्या एका विद्यार्थ्यानें मध्यंतरीं आम्हांस एक प्रश्न विचारला. युरोपांतील नामांकित पियानोवादकांचीं चरित्रें तो सध्यां वाचीत आहे, आणि त्यांच्या दिग्विजयाच्या हकीकतींनीं भारून जाऊन तो म्हणाला, "सर, मराठी मुलखांत असा एकही माणूस कां झाला नाहीं?" पाचोऱ्यासारख्या गांवीं, जेथें पियानो प्रत्यक्ष पाहिलेलीं माणसें बोटांवर मोजावीं लागतील, तेथें हा प्रश्न कोणास चमत्कारिक वाटेल, आम्हांस मात्र तो अगदीं योग्य वाटला. पट्ट्यांचें वाद्य घेऊन एकट्यानें सभा जिंकणारा पुरुष महाराष्ट्रांत होऊन गेला आहे. त्याच्यापुढें पियानो नव्हता, पेटी होती, इतकाच फरक.

गोविंदराव टेंबे यांचा जन्म 1881 सालचा. त्यांची जडणघडण कोल्हापुरांत झाली, आणि त्या काळचें कोल्हापूर म्हणजे शाहू छत्रपतींच्या पदरीं अल्लादियाखाँसाहेबांसारखा गवई असलेलें कोल्हापूर. पेटी शिकविणारा गुरु गोविंदरावांना असा लाभला नाहीं; त्यांचे कान हेच त्यांचे गुरु. भास्करबुवा बखल्यांची साथ करतां करतां गवयाच्या गळ्यांतील चीज बोटांत कशी उतरवावी हें ते शिकले, आणि मग गवई उठून गेल्यावरही श्रोते बसून राहतील अशी त्यांची पेटी झाली. युरोपांत लिस्टनें 1840 च्या सुमारास एकट्या पियानोवर सबंध मैफल रंगविण्याची प्रथा रूढ केली. आमच्याकडे साथीच्या वाद्याला तो मान मिळणें याहूनही अवघड होतें. कारण येथें गळा हा राजा आणि बाकीचीं वाद्यें हे त्याचे मानकरी.

शिवाय पेटी जन्मानें परदेशी. पॅरिसच्या देबँ नांवाच्या कारागिरानें 1842 सालीं हार्मोनियमचें पेटंट घेतलें. पुढें कलकत्त्यास द्वारकानाथ घोषांनीं तिला मांडीपुढें ठेवून वाजवितां येईल असें सुटसुटीत रूप दिलें. डाव्या हातानें भाता हलवावा, उजव्यानें पट्ट्या दाबाव्या. पियानोची तार हातोडीच्या ठोक्यानें बोलते आणि तो सूर क्षणोक्षणीं विझत जातो. पेटीची पितळी जिभली वाऱ्यावर बोलते, आणि भाता चालतो तोंवर सूर उभा राहतो. नाटक मंडळ्यांनीं तिला उराशीं धरलें तें यासाठींच. गांवोगांव बैलगाडींतून हिंडलेली पेटी तंबूंत उतरली कीं लागलीच सुरांत. सारंगीप्रमाणें तासभर खुंट्या पिळीत बसणें नको. सारंगीला त्या काळीं कोठ्याचा वास येई, हेंही एक कारण होतेंच. आमच्या सभ्यपणानें त्या गुणी वाद्याचें किती नुकसान केलें याचा हिशेब अद्याप कोणी मांडलेला नाहीं.

पण पेटींतही एक उणीव आहे, आणि ती लहान नव्हे. दोन पट्ट्यांच्या मधें सूर नाहीं. म्हणून मींड नाहीं. सप्तकाचे बारा सारखे तुकडे पाडल्यामुळें तिचा शुद्ध गंधार खऱ्या गंधाराहून चढा लागतो. एका अर्ध्या सुराचे शंभर भाग कल्पिले तर सुमारें चौदा भाग चढा. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि साताऱ्याचे न्यायाधीश क्लेमंट्स या जोडीनें हें वैगुण्य काढून टाकण्यासाठीं बावीस श्रुतींची पेटी बनविण्याचा घाट घातला. प्रयत्न थोर खरा, परंतु ती पेटी घरोघर गेली नाहीं. गोविंदरावांनीं साधीच पेटी पत्करली. सुराच्या पोटांत शिरतां येत नसेल तर सुरांच्या गुंफणीनें मींडीचा भास उत्पन्न करावा, याहून दुसरा उपाय पेटीवाल्यापाशीं नसतो.

या बोटांनींच पुढें मराठी रंगभूमीचें गाणें पालटलें. 1911 सालीं किर्लोस्कर मंडळीनें खाडिलकरांचें 'मानापमान' रंगभूमीवर आणलें, त्याच्या चाली गोविंदरावांच्या. ठुमरी, दादरा, कजरी अशा पूरबी वळणाच्या चिजा त्यांनीं मराठी पदांत अशा मुरविल्या कीं पांढरपेशा घरांतील बायकामुलेंही त्या गुणगुणूं लागलीं. त्या चाली ज्याच्या गळ्यांतून घरोघर पोंचल्या, तो बालगंधर्व लहानपणीं आमच्या शेजारच्या जळगांवांत मेहबूबखाँपाशीं गाण्याचे पाठ घेत होता, हें खानदेशकरांनीं अभिमानानें सांगावें. 1913 सालीं गंधर्व नाटक मंडळी निघाली तेव्हां बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्याबरोबर गोविंदराव तिचे एक मालक झाले. पण कांहीं वर्षांतच बाहेर पडून त्यांनीं शिवराज नाटक मंडळी काढली. 1932 सालीं 'अयोध्येचा राजा' या प्रभातच्या बोलपटांत ते स्वतः हरिश्चंद्र झाले. एका जन्मांत इतके उद्योग केल्यानें पेटीवर त्यांचें लक्ष कमी झालें असें आम्हांस वाटतें. पियानोवादक मरेपर्यंत पियानोपाशीं बसतो. आमच्या समाजांत निव्वळ वादनावर पोट भरणें कठीण होतें.

आणि नेमका त्यांच्या उतारवयांत घाव बसला. जॉन फौल्ड्स या इंग्रज संगीतकारानें 1938 सालीं पेटीवर कडक टीका केली. रवींद्रनाथांनाही ती रुचत नव्हती. आणि 1 मार्च 1940 पासून आकाशवाणीनें पेटीला दार बंद केलें. शास्त्र म्हणाल तर टीकाकारांचेंच खरें. परंतु ज्या पेटीमुळें हजारों घरांत प्रथम गाणें आलें, तिला एका हुकुमानें बहिष्कृत करणें आम्हांस कधींच पटलें नाहीं. ती बंदी सैल होण्यास सुमारें तीस वर्षें लागलीं. गोविंदराव 1955 सालींच वारले होते.

त्या विद्यार्थ्यास एके दिवशीं आम्हीं घरीं बोलाविलें. तंबोरा छेडीत ठेवून पेटीचा गंधार दाबला. बराच वेळ ऐकून तो म्हणाला, "पेटी चढी आहे, सर." आम्हांस समाधान वाटलें. मग तंबोरा भिंतीशीं टेकवून आम्हीं पेटीवर 'मानापमाना'तील एक चाल धरली. दुसऱ्या ओळीस स्वयंपाकघरांतून गुणगुणणें ऐकूं येऊं लागलें, आणि तें पेटीच्याच गंधारावर होतें.