बायबल आणि पुरातत्त्वाची साक्ष

धर्मग्रंथातील इतिहास कितपत विश्वसनीय मानावा, या प्रश्नाची चर्चा बायबलच्या संदर्भात एकोणिसाव्या शतकापासून आवेशाने होत आली आहे. उत्खननाने बायबल ‘सिद्ध’ झाले, असे एक पक्ष म्हणतो; ते ‘खोटे’ ठरले, असे दुसरा. यरीहो व लाखीश या दोन स्थळांचा पुरावा पाहिला असता प्रश्नाची ही मांडणीच सदोष असल्याचे दिसून येते.

रणशिंगे फुंकली जाऊन इस्राएल लोकांनी जयघोष करताच यरीहोचा तट कोसळला, असे यहोशवाच्या ग्रंथात सांगितले आहे. जॉन गारस्टँग यांनी १९३० ते १९३६ या काळातील उत्खननात सापडलेला पडका तट याच घटनेचा अवशेष मानला. परंतु कॅथलीन केन्यन यांनी १९५२ ते १९५८ मध्ये तेथील थरांचे काटेकोर परीक्षण केले, तेव्हा तो तट सुमारे एक हजार वर्षे अगोदरचा ठरला. यहोशवाचा काळ सामान्यतः इ.स.पू. तेरावे शतक मानला जातो. त्या काळातील तटबंदीयुक्त नगराचा पुरावा तेथे मिळाला नाही.

लाखीशची गोष्ट निराळी आहे. असीरियाचा राजा सन्हेरीब याने इ.स.पू. ७०१ मध्ये यहूदावर केलेल्या स्वारीचे वर्णन ‘दुसरे राजे’ या ग्रंथात आहे. निनवे येथील त्याच्या राजवाड्यात लाखीशच्या वेढ्याची शिल्पे सापडली. खुद्द लाखीश येथे वेढ्यासाठी रचलेला दगडी चढही उत्खननात मिळाला. हिज्कीयाने दिलेली खंडणी बायबलनुसार ३० किक्कार सोने व ३०० किक्कार चांदी, तर सन्हेरीबच्या लेखानुसार ३० किक्कार सोने व ८०० किक्कार चांदी. सोन्याचा आकडा शत्रूच्या लेखाशी तंतोतंत जुळतो. यरुशलेम जिंकल्याचा दावा तोही लेख करीत नाही. मात्र देवदूताने एका रात्रीत १,८५,००० सैनिक मारले, या कथनाचा निर्णय कोणतेही उत्खनन करू शकत नाही.

हा भेद का पडावा? राजांविषयीचे ग्रंथ आपल्या कथनासाठी यहूदाच्या राजांच्या बखरींचा वारंवार हवाला देतात. यहोशवाच्या ग्रंथाची रचना मात्र वर्णित घटनांनंतर कित्येक शतकांनी झाली, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. तात्पर्य, ग्रंथ एकच असला तरी त्यातील प्रत्येक कथनाची परीक्षा स्वतंत्रपणे करावी लागते. घटना व लेखन यांतील अंतर किती, आणि बाहेरची स्वतंत्र साक्ष आहे काय, हे दोन निकष बायबलला लागू पडतात; कोणत्याही परंपरेच्या धर्मग्रंथाला ते तितकेच लागू पडतात.