लिनक्समधील ध्वनिवाहिन्यांचा प्रश्न : मुक्त आज्ञावलीच्या दुरुस्तीचा इतिहास

प्रस्तावना

धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर हे तुळजाभवानीच्या उपासनेचे, तसेच गोंधळपरंपरेचे महत्त्वाचे केंद्र होय. संबळ, तुणतुणे आणि गोंधळ्याचा आवाज यांचे दोन मायक्रोफोनवर मुद्रण केले आणि ऐकताना संगणकाची एक बाजू मुकी राहिली, तर श्रोत्याच्या वाट्याला अर्धाच गोंधळ येतो. दोष मुद्रणात, तारेत की आज्ञावलीत, हे कळले नाही तर चांगला संगणकही निकामी ठरतो. या दृष्टीने लिनक्समधील साऊंड कार्डच्या ड्रायव्हरचा इतिहास अभ्यसनीय आहे.

पार्श्वभूमी

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स प्रसिद्ध केल्यानंतर १९९२ मध्ये फिनलंडचे हन्नू साव्होलाइनेन यांनी त्यासाठी साऊंड कार्डचा ड्रायव्हर लिहिला. त्यातून 'ओपन साऊंड सिस्टिम' उभी राहिली. मात्र तिचा पुढील विकास मुख्यत्वे व्यापारी आवृत्तीत होऊ लागला. चेक प्रोग्रामर यारोस्लाव्ह किसेला यांनी ग्रॅव्हिस अल्ट्रासाऊंड कार्डासाठी केलेल्या कामातून १९९८ मध्ये 'अल्सा' हा प्रकल्प आकारास आला. २००२ मध्ये तो लिनक्सच्या विकसनशील २.५ मालिकेत समाविष्ट झाला आणि डिसेंबर २००३ मधील २.६ आवृत्तीबरोबर सर्वत्र पोहोचला.

वाहिन्यांचे दोष व त्यांचे निराकरण

वाहिन्यांचे दोष प्रामुख्याने दोन प्रकारचे आढळतात. पहिला क्रमाचा. सहा वाहिन्यांच्या 'वेव्ह' फाईलमध्ये पुढील डावी व उजवी यांनंतर मधली वाहिनी येते. अल्साच्या रूढ क्रमात त्या जागी मागील डावी असते. क्रम न बदलता फाईल वाजविल्यास समोरून येणारे संवाद मागील डाव्या स्पीकरमधून ऐकू येतात. २०१२ मध्ये अल्सात वाहिन्यांचा नकाशा सांगण्याची सोय झाल्याने कोणती वाहिनी कोठे आहे, हे प्रोग्रामला विचारता येऊ लागले.

दुसरा दोष जोडणीच्या माहितीचा. २००४ मध्ये इंटेलने 'हाय डेफिनिशन ऑडिओ' हे मानक आणले. त्यात चिपची कोणती पिन कोणत्या स्पीकरला जोडली आहे, ही माहिती संगणकाच्या बायॉसकडून मिळते. ती चुकीची असल्यास तारा शाबूत असूनही आवाज येत नाही. अशा वेळी वापरणारा 'स्पीकर-टेस्ट' या साधनाने एकेक वाहिनी तपासतो, चिपची माहिती विकासकांना कळवितो आणि ते त्या मॉडेलसाठी ड्रायव्हरच्या यादीत अपवादाची नोंद करतात. जपानी विकासक ताकाशी इवाई यांनी या कामाची धुरा दीर्घकाळ वाहिली. एकाने कळविलेला दोष दूर झाला की, तोच संगणक वापरणाऱ्या सर्वांना त्याचा लाभ होतो.

समारोप

मुक्त आज्ञावलीने सर्व दोष आपोआप मिटत नाहीत; निर्मात्याने माहिती न दिल्यास विकासकांना अंदाजानेच काम करावे लागते. तथापि दुरुस्तीचा मार्ग मोकळा राहतो. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने मराठी निवेदनासह लिनक्सचे पाठ उपलब्ध केले. असे पाठ आवाजाविना निरर्थक होत. म्हणून संगणक मोडीत काढण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे, हे तपासण्याची सवय महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना लावणे अगत्याचे आहे. गोंधळासारख्या मौखिक परंपरेचे जतन मुद्रणाइतकेच ते मुद्रण पुढे नीट ऐकता येण्यावरही अवलंबून आहे.