एक टर्बो की दोन? दिजाँच्या विजयामागची गोष्ट

१ जुलै १९७९. फ्रान्समधील दिजाँ येथे झां-पिएर जाबुई याने रेनोच्या पिवळ्या मोटारीतून फ्रेंच ग्रां प्री जिंकली. फॉर्म्युला वनमधील टर्बो इंजिनाचा हा पहिला विजय. त्या शर्यतीची चित्रफीत आजही आवर्जून पाहिली जाते, पण ती दुसऱ्या क्रमांकासाठी रंगलेल्या व्हिलनव्ह-आर्नू झुंजीसाठी! विजेता बिचारा बाजूलाच राहिला. त्याच्या मोटारीत मात्र त्याच हंगामात एक मूलभूत बदल झाला होता: एका टर्बोच्या जागी दोन आले होते.

थोडे मागे जाऊ. १९६६ पासूनच्या नियमांत दोन पर्याय होते: ३ लिटरचे साधे इंजिन, किंवा दाबाने हवा भरणारे १.५ लिटरचे. दुसरा पर्याय दशकभर जवळजवळ अस्पर्शित राहिला. १९७७ मध्ये रेनोने तो स्वीकारला आणि व्ही-६ इंजिनावर एकच मोठा टर्बो बसवला. मोटार वारंवार धूर सोडत बंद पडे. प्रतिस्पर्ध्यांनी तिला ‘पिवळी किटली’ म्हणून हिणवले.

धुराहूनही चिवट अडचण होती विलंबाची. टर्बोचे चाक फिरते ते इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूवर. वळणावर वायू मंदावतो, चाकही मंदावते. चालकाने पाय दाबला तरी ताकद काही क्षण उशिरा आणि मग एकदम येते. अशा चाकाचे जडत्व साधारणतः व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात वाढते. म्हणून निम्मा-निम्मा वायू घेणाऱ्या दोन लहान चाकांचे एकत्रित जडत्व एका मोठ्या चाकाच्या सुमारे एक-तृतीयांश भरते. लहान चाकांना अधिक वेगाने फिरावे लागते, त्यामुळे सगळा लाभ पदरात पडत नाही. तरी बराचसा पडतो. शिवाय व्ही-६ मध्ये सिलिंडरांच्या दोन रांगा असतात. प्रत्येक रांगेला स्वतःचा टर्बो दिला की नळ्याही आखूड होतात.

येथवर वाचून ‘दोन म्हणजे प्रगत, एक म्हणजे मागास’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. प्रगतीची सरळ रेघ आखण्याची ही सवय माझ्या मते तंत्रज्ञानाच्या इतिहासाचे फार नुकसान करते. कारण १९८३ मध्ये टर्बो इंजिनावर पहिले विश्वविजेतेपद मिळवले ते नेल्सन पिके याने, आणि त्याच्या ब्राबममधील बीएमडब्ल्यू इंजिनाला टर्बो होता एकच! ते इंजिन एका रांगेतील चार सिलिंडरांचे; सारा वायू एकाच बाजूने बाहेर पडणारा. तेथे दुसरा टर्बो म्हणजे निव्वळ वजन आणि बिघाडाची आणखी एक जागा. पुढच्याच वर्षी मॅक्लारेनने दोन टर्बोंच्या व्ही-६ वर विजेतेपद नेले. निवड इंजिनाच्या घडणीने ठरत होती.

१९८९ मध्ये टर्बोवर बंदी आली. २०१४ मध्ये तो परतला तेव्हा इंजिन पुन्हा व्ही-६ होते, पण नियमाने टर्बो एकच ठेवला. विलंबावर या वेळी तोडगा वेगळा होता: टर्बोच्या दांड्याला जोडलेली विद्युत मोटर, जी वायूची वाट न पाहता चाक फिरवत असे.