रगत बदलत नाही म्हणे!

मेहकरच्या एसटीत मागच्या सीटवरून आवाज आला, "शिकले तं काय झालं? रगत थोडंच बदलते!" रोख आमच्यावरच होता.

दोस्तहो, माणसाचा स्वभाव जन्मानं ठरतो का? चीनमध्ये स्वभावावरचा वाद दोन हजार वर्षांहून जुना आहे. मेन्शियस म्हणाला, पोर विहिरीत पडताना दिसलं की कुणाचंही काळीज हलतं. माणूस मुळात चांगला. शुन्झी म्हणाला, मुळात वाईट, शिक्षणानं सुधारतो. पण स्वभाव सगळ्यांचा एकच, हे दोघांनाही मान्य. मनूनं मात्र वर्णागणिक माणूस वेगळा केला. म्हणूनच २५ डिसेंबर १९२७ ला महाडात त्याचा ग्रंथ जळाला.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबियात होते. हू शी हा चिनी विचारवंत १९१५ ला तिथंच आला. दोघांचे गुरू एकच, जॉन ड्युई. माणूस सवयीनं, समाजानं घडतो, ही ड्युईंची शिकवण. १९१९ ते १९२१ ते स्वतः चीनमध्ये व्याख्यानं देत होते.

माओ १९४२ ला येनानमध्ये म्हणाला, वर्गापलीकडचा स्वभाव नसतोच. शोषितांना हे पटण्यासारखं. पण पुढं बापाचा वर्ग पोराच्या कपाळी आला. १९६६ ला काही रेड गार्ड उघड बोलू लागले, की क्रांतिकारकाचा पोरगा मर्द, प्रतिगाम्याचा हरामी. म्हणजे पुन्हा रगतच!

यू लुओके हा कारखान्यातला उमेदवार कामगार. आईबापावर 'उजवे' असा शिक्का, म्हणून कॉलेजचं दार बंद. त्यानं लेख लिहिला. विद्यार्थ्यांच्या एका पत्रात जानेवारी १९६७ ला तो छापला गेला. घरापेक्षा समाज माणसाला जास्त घडवतो, जन्मावरून माणूस जोखू नका, हे त्याचं म्हणणं. अमेरिकेतले काळे आणि भारतातले शूद्र यांच्याहून ही पोरं वेगळी कशी, असंही त्यानं विचारलं. ५ मार्च १९७० ला त्याला गोळी घातली. वय २७. १९७९ ला कोर्टानं निर्दोष ठरवलं. मेल्यावर!

तेव्हा एसटीतल्या त्या माणसाला उत्तर एवढंच : स्वभाव रगतात नसतोच, मग बदलायचं काय? आणि आपल्या बैठकीत कुणी "हा कोणाचा पोरगा? पोटजात कोणती?" विचारलं, तर मनू आपल्याच सतरंजीवर येऊन बसला म्हणून समजा. त्याला तिथूनच उठवा.