दुकानातल्या रेडिओ टॅगची कुळकथा

कपड्याच्या लेबलात दडलेल्या रेडिओ टॅगचा पूर्वज चोरी पकडणारा होता. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या दुकानांत मालाला असे टॅग लागले की पैसे न भरता कोणी दाराबाहेर पडले तर भोंगा वाजे. त्या टॅगला स्वतःचा नंबर नव्हता. स्मृती असलेल्या रेडिओ टॅगचे पेटंट मारिओ कार्डुलो यांना १९७३ साली मिळाले.

दुकानासाठी तो स्वस्त करण्याचे काम १९९९ साली एमआयटीत स्थापन झालेल्या ऑटो-आयडी सेंटरने हाती घेतले. संजय सरमा हे त्याच्या संस्थापकांपैकी एक. चिपमध्ये फक्त नंबर ठेवायचा, बाकी माहिती संगणकात, ही त्यांची दिशा. ग्राहकाच्या खासगीपणाबद्दलच्या काळजीचे मूळ इथेच आहे. बारकोड मालाचा प्रकार सांगतो. टॅग नेमका हाच शर्ट, असे सांगतो. त्याला बॅटरी लागत नाही. तो वाचणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे रीडरच्या, लहरींवरच तो जागा होतो आणि पिशवीतूनही, काही मीटरवरून, मालकाच्या नकळत वाचला जातो.

२००३ साली बेनेटनने कपड्यांत टॅग घालण्याचा बेत जाहीर केला, तेव्हा कॅथरिन आल्ब्रेक्ट यांच्या ग्राहक संघटनेने बहिष्काराची हाक दिली आणि कंपनी मागे हटली. रेडिओ टॅगसाठीच्या पुढच्याच वर्षीच्या ‘जेन-२’ मानकात टॅग कायमचा बंद करणारी, पासवर्डने चालणारी आज्ञा आहे. विक्रीच्या वेळीच टॅग निकामी करावा, अशी शिफारस युरोपीय आयोगाने २००९ साली केली. ग्राहकाने संमती दिली तर गोष्ट वेगळी.

भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा रेडिओ टॅगसाठी २००५ साली परवानामुक्त झाला. त्याच सुमारास, जोगेश्वरीत मुख्य कचेरी असलेल्या पँटलून रिटेलने तारापूरच्या गोदामात टॅगची चाचणी घेतली. मुलुंड आणि दहिसर टोलनाक्यांवरचा फास्टॅग याच कुळातला. कुर्ला आणि गोरेगावच्या मॉलमध्ये दुकाने असलेली युनिक्लो किमतीच्या लेबलातच चिप घालते.

एकटा नंबर कोणाचे नाव सांगत नाही. बिलाच्या काउंटरवर “मोबाइल नंबर सांगा” म्हटले जाते, तिथे शर्ट आणि माणूस यांची गाठ पडू शकते. म्हणूनच बिलासाठी मोबाइल नंबरचा आग्रह धरू नये, ही ग्राहक व्यवहार विभागाची मे २०२३ची सूचना टॅगच्या बाबतीतही मोलाची ठरते. त्याच वर्षीचा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा व्यक्तीची ओळख पटवणाऱ्या माहितीला संरक्षण देतो. टॅगचा त्यात वेगळा उल्लेख नाही. तो असायला हवा होता.

टॅग आहे का हे पाहायला लेबल उजेडासमोर धरले की धातूच्या पातळ पट्टीची नागमोडी अँटेना आणि मधोमध ठिपक्याएवढी चिप बहुधा दिसते. कागदी लेबल कापले की टॅगही जातो. शिवणीत बसवलेला मात्र कात्रीने वेगळा काढावा लागतो.