हार्लो, ब्राइस

हार्लो, ब्राइस नथॅनिएल : (११ ऑगस्ट १९१६–१७ फेब्रुवारी १९८७). तीन दशके राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेस यांच्यामध्ये वावरलेला अमेरिकन मुत्सद्दी व ‘प्रॉक्टर अँड गँबल’ या साबण-उत्पादक कंपनीचा वॉशिंग्टन येथील शासनसंपर्क-प्रमुख. जन्म ओक्लाहोमा सिटी येथे, प्रकाशन-व्यवसायातील कुटुंबात. उंची जेमतेम पाच फूट चार इंच.

ओक्लाहोमा विद्यापीठाची पदवी घेऊन १९३८ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या ग्रंथालयात साहाय्यक म्हणून तो रुजू झाला; युद्धकाळी सेनापती मार्शलच्या कचेरीतून काँग्रेसशी संपर्क राखताना, आणि पुढे सशस्त्र सेना समितीच्या दफ्तरी काम करताना, कोणता सभासद कोणत्या कलमावर अडेल व कशाने वळेल याची जी जाण त्याला आली, तीच जन्मभराचे भांडवल ठरली. १९५३ पासून राष्ट्राध्यक्ष आयझनहौअरच्या पदरी राहून त्याने भाषणांचे मसुदे लिहिले आणि विधेयकांसाठी सभासदांची मनधरणीही केली.

कंपनीतील कारकीर्द : १९६१ मध्ये सिनसिनाटीच्या या कंपनीने वॉशिंग्टनमध्ये कचेरी उघडून तिची मुखत्यारी हार्लोकडे सोपविली. व्यापारी संघ किंवा तात्पुरता नेमलेला वकील यांच्यावर भिस्त ठेवणाऱ्या त्या काळच्या उद्योगविश्वात कंपनीचा स्वतःचा कायम प्रतिनिधी राजधानीत असणे ही नवलाई होती. अशा प्रतिनिधीच्या कामावर कायद्याचे बंधनही थोडेच होते : १९४६ च्या लॉबिंगविषयक (सभासदांची मनधरणी करण्याविषयीच्या) कायद्याचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये इतका संकुचित केला, की काँग्रेस-सभासदांशी प्रत्यक्ष संपर्क तेवढाच त्याच्या कक्षेत उरला. सरकारी खात्यांतील अधिकाऱ्यांच्या भेटीगाठींची नोंद बंधनकारक झाली ती १९९५ च्या कायद्याने. अर्थात न्यायालयापुढे अशा कचेरीचा इलाज चालत नाही : १९६७ मध्ये ‘क्लोरॉक्स’ ही खरेदी केलेली कंपनी सोडून देणे प्रॉक्टर अँड गँबलला भाग पडले. कंपनीपुढील दुसरा प्रश्न धुण्याच्या पुडीचा होता : तिच्यातील फॉस्फेटमुळे ईरी सरोवरात शेवाळ माजते, या आक्षेपावर एनटीए या रसायनाचा पर्याय पुढे आला. तो डिसेंबर १९७० मध्ये सरकारच्या सूचनेवरून मागे घेण्यात आला, आणि सप्टेंबर १९७१ मध्ये सर्जन जनरल या सरकारच्या प्रमुख आरोग्याधिकाऱ्यानेच दाहक पर्यायांपेक्षा फॉस्फेट बरे असा निर्वाळा दिला.

निक्सनकाळ : राष्ट्राध्यक्षपदी निवडून आलेल्या निक्सनने पहिली नेमणूक केली ती हार्लोची. १९६९ मध्ये काँग्रेसविषयक कामकाज त्याच्याकडे असताना सेफगार्ड क्षेपणास्त्रविरोधी योजनेविरुद्धची दुरुस्ती सेनेटमध्ये ५०–५० अशा समसमान मतांवर अडली, योजना तगली. मात्र त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात न्यायमूर्ती हेन्सवर्थची सर्वोच्च न्यायालयावरील नेमणूक सेनेटने ५५ विरुद्ध ४५ मतांनी फेटाळली. मते मोजण्यात हार्लो तरबेज खरा, पण स्वपक्षाचेच सभासद फिरले तर मोजणीचा उपयोग पराभव आगाऊ कळण्यापुरताच. पुढे मंत्रिमंडळाच्या दर्जाचा सल्लागार होऊन १९७० च्या अखेरीस तो कंपनीत परतला. निक्सनवर वॉटरगेट प्रकरणाचे सावट दाटल्यावर १९७३ मध्ये त्याला पुन्हा पाचारण करण्यात आले. १९७४ च्या वसंतात, निक्सनच्या राजीनाम्यापूर्वीच, तो सरकारी सेवेतून बाहेर पडला. सरकार आणि कंपनी यांमधील या येरझारा औचित्याला धरून होत्या काय, याविषयी मतभेद संभवतो.

जे करून दाखविता येईल तेवढेच कबूल करावे, हा त्याचा दंडक मंत्री जॉर्ज शुल्ट्झने कृतज्ञतेने सांगितला आहे.

निवृत्ती : १९७८.

१९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगनने त्याला स्वातंत्र्यपदक दिले. शासनसंपर्काच्या व्यवसायातील सचोटीसाठी १९८२ मध्ये त्याच्या नावे प्रतिष्ठान स्थापन झाले.